स्कूटरच्या इंजिनासाठी घरी घडवायची हत्यारे

स्कूटरच्या इंजिनातले बरेचसे जोड साध्या पान्यांनी सुटतात. हेडचे नट, कार्ब्युरेटरचे बोल्ट, सायलेन्सरचा क्लॅम्प यांना रिंग पाना आणि सॉकेट पुरतो. काही जोड मात्र असे असतात की त्यांच्यापुरतेच बनवलेले हत्यार हाती नसेल, तर तिथे हात घालू नये हेच बरे. मॅग्नेट, म्हणजे चुंबकांचे फिरते चाक, क्रँकच्या निमुळत्या टोकावर इतका घट्ट बसलेला असतो की नट काढल्यावरही तो हलत नाही. क्लचचा नट खाचांचा असतो आणि खोल बसलेला असतो. क्लचच्या स्प्रिंगा दाबल्याशिवाय आतली रिंग निघत नाही. बेअरिंग चेंबरमध्ये घट्ट रुतलेले असते. कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये अशा प्रत्येक जागेसाठी एका खास हत्याराचे चित्र आणि क्रमांक दिलेला असतो. त्यांपैकी बहुतेक हत्यारे लोखंडाची पट्टी, पाइपचा तुकडा, चांगले बोल्ट आणि जुना स्पार्क प्लग यांतून घरी घडवता येतात. मात्र त्यासाठी ते हत्यार नेमके काय काम करते हे आधी कळायला हवे.

अशी खास हत्यारे लागतात याचे कारण स्कूटरच्या मूळ रचनेत आहे. १९४६ साली इटलीतील पोंतेदेराच्या पियाज्जो कंपनीने व्हेस्पा आणली. तिचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानियो हा मुळात विमाने आणि हेलिकॉप्टरे यांचा अभियंता. त्याने मोटारसायकलची साखळी काढून टाकली, इंजिन मागच्या चाकाला भिडवले आणि क्रँक, क्लच, गिअर व चाकाचा आस एकाच चेंबरमध्ये बसवला. चालवणाऱ्याच्या कपड्यांना तेल लागेना, पण दुरुस्ती करणाऱ्याच्या वाट्याला दाटीवाटीचे काम आले. पुढच्याच वर्षी मिलानच्या इनोचेंती कंपनीची लॅम्ब्रेटा रस्त्यावर आली. भारतात लॅम्ब्रेटाची जुळणी मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने केली, तर व्हेस्पा पियाज्जोच्या परवान्याखाली बजाज ऑटोने बनवली. १९७१ मध्ये हा करार संपला आणि १९७२ पासून आकुर्डीच्या कारखान्यातून ‘चेतक’ बाहेर पडू लागली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ याच घराण्यातली. लखनौच्या स्कूटर्स इंडियाने लॅम्ब्रेटाचा वारसा ‘विजय सुपर’च्या रूपाने चालवला.

त्या काळी नंबर लावून स्कूटर हाती यायला वर्षेच्या वर्षे लागत, आणि एकदा आलेली स्कूटर घरातल्या दोन पिढ्या वापरत. कंपनीची हत्यारे अधिकृत सर्व्हिस स्टेशनांपाशी असत. गल्लीतल्या गॅरेजवाल्याने मात्र त्यांचे नमुने पाहून, लेथवाल्याला सांगून, भंगारातले लोखंड वापरून स्वतःची हत्यारे केली. पुण्याच्या जुन्या बाजारात आजही घासून गुळगुळीत झालेले, कुठलाही छाप नसलेले पुलर मिळतात. ते त्या कारागिरीचे खरे पुरावे आहेत आणि तिची नोंद आजवर झाली त्याहून अधिक आदराने व्हायला हवी.

घरी हत्यार करताना सगळ्यात आधी विचार करायचा तो बळाचा. ते कुठून निघते, कशातून जाते आणि कुठे पोचते? इंजिनाचा प्रत्येक भाग एका ठरावीक दिशेचे बळ सोसायला बनवलेला असतो. व्हेस्पाच्या घराण्यातला क्रँक एकसंध नसतो. दोन तबकड्यांमध्ये पिन दाबून बसवून तो तयार केलेला असतो. त्याच्या टोकावर हातोडा मारला की तबकड्या पिनेवर किंचित फिरतात, क्रँक वाकडा चालू लागतो आणि बेअरिंगे लवकर जातात. मॅग्नेटच्या कडेला दोन स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटले, तर ॲल्युमिनियमचे पंखे तुटतात. चेंबरचे दोन भाग छिन्नीने वेगळे केले, तर पॅकिंग बसण्याच्या पृष्ठभागावर चरा पडतो आणि तिथून इंजिन हवा ओढू लागते. ज्या व्हेस्पा इंजिनांत क्रँकची तबकडी स्वतःच मिश्रण आत सोडणाऱ्या रोटरी व्हॉल्व्हचे काम करते, तिथे चेंबरच्या आतल्या गुळगुळीत पट्ट्यावर एक ओरखडा उठला तरी सगळा चेंबर वाया जाऊ शकतो. चांगले हत्यार बळ योग्य जागी नेते आणि बाकीच्या भागांना त्याची झळ लागू देत नाही. घरचे हत्यार कंपनीच्या हत्याराहून ओबडधोबड दिसले तरी चालेल, पण बळाचा हा मार्ग चुकला तर ते हत्यार निरुपयोगी आहे.

लोखंडाची निवड हा दुसरा मुद्दा. बाजारातली साधी पट्टी, अँगल, पाण्याचा पाइप हे सगळे मऊ पोलाद असते. त्यात कार्बन इतका कमी असतो की लाल करून पाण्यात बुडवले तरी ते कडक होत नाही. धरण्याच्या, टेकू देण्याच्या आणि दाबण्याच्या हत्यारांना ते पुरते. ज्या हत्याराच्या दातांवर किंवा टोकावर सगळा भार येतो, त्यासाठी मात्र गाडीच्या पाट्याचे पोलाद किंवा जुना सॉकेट घ्यावा. पाट्याचा तुकडा कापून आणि कानशीने आकार देऊन भट्टीत तापवतात. चुंबक त्याला चिकटेनासे झाले की तापमान साधारण ७७० अंश सेल्सिअसवर पोचलेले असते. त्यानंतर आणखी थोडे तापवून तो तेलात बुडवतात. तेलातून काढलेला तुकडा काचेसारखा ठिसूळ असतो. म्हणून तो घासून चकचकीत करतात आणि पुन्हा हळूहळू तापवतात. त्यावर निळा रंग चढला की त्याला लवचीकपणा आलेला असतो. जुन्या बेअरिंगच्या रिंगा मोह पाडतात, पण त्यांवर हातोडा मारू नये. त्या इतक्या कडक असतात की टवके उडून डोळ्यात जाऊ शकतात.

पुलरच्या बोल्टची गोष्टही हीच. एम १० बोल्टचे आटे दीड मिलिमीटर अंतराचे असतात. २०० मिलिमीटरच्या पान्याच्या टोकाला दहा किलोंचे बळ लावले, तर हिशोबाने बोल्टच्या टोकाशी आठ टनांहून अधिक जोर यायला हवा. त्यातला बहुतेक आट्यांच्या घर्षणात जातो, तरी सुमारे एक टन उरतोच. डोक्यावर ४.६ असा अंक असलेला साधा एम १० बोल्ट सुमारे १.३ टनांच्या पुढे कायमचा ताणला जाऊ लागतो. ८.८ चा बोल्ट जवळपास साडेतीन टनांपर्यंत टिकतो. म्हणून पुलरसाठी ८.८ किंवा त्याहून वरचाच बोल्ट घ्यावा आणि आट्यांना ग्रीस लावावे. किमतीतला फरक थोडा असतो, परिणामातला फार मोठा.

मॅग्नेट काढताना आधी हे ध्यानात घ्यावे की तो अर्धचंद्राकृती चावीच्या जोरावर टिकलेला नसतो. चावी फक्त त्याची जागा ठरवते. भार पेलते ती निमुळत्या टोकाची घट्ट पकड. व्हेस्पाच्या बऱ्याच मॅग्नेटांमध्ये नटाच्या वर एक सर्क्लिप बसवलेली असते. नट ढिला होऊन थोडा फिरला की तो पुन्हा घट्ट वाटू लागतो. अनेक जण इथे थांबतात आणि आटे खराब झाले असे समजतात. प्रत्यक्षात नट सर्क्लिपला आतून ढकलत असतो आणि त्या ढकलण्याने मॅग्नेट निघतो. सर्क्लिप नसेल किंवा तिची खाच झिजली असेल, तर जाड पट्टीचा पुलर करावा. पट्टीच्या मध्यभागी मुख्य बोल्ट आणि बाजूला मॅग्नेटच्या मधल्या भागातील आटे असलेल्या छिद्रांत जाणारे बोल्ट अशी त्याची रचना असते. ओढ नेहमी मधल्या भागालाच लागावी, कडेला कधीही नाही. मुख्य बोल्ट आणि क्रँक यांच्यामध्ये पितळेची चकती ठेवली की क्रँकच्या टोकाचे आटे सुरक्षित राहतात.

नट फिरवताना इंजिन जागेवर कसे अडवायचे, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा गहन आहे. जुन्या स्पार्क प्लगपासून केलेला पिस्टन-थांबा हा त्याचा प्रसिद्ध उपाय. प्लगची वाकवलेली कडा घासून काढतात, आतले चिनी मातीचे नळकांडे ठोकून बाहेर काढतात, रिकाम्या पोकळीत आटे पाडून गोल टोकाचा बोल्ट बसवतात. प्लगचे १४ मिलिमीटरचे आटे, दीड नव्हे तर सव्वा मिलिमीटर अंतराचे, आयते मिळतात. पण चेतकसारख्या इंजिनात, जिथे बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ५७ मिलिमीटर आहेत, पिस्टन वरच्या टोकाच्या २० अंश अलीकडे अडवला आणि नटावर सहा किलोग्रॅम-मीटर जोर लावला, तर पिस्टनच्या माथ्यावर सुमारे ५०० किलोंचा भार एका बिंदूवर येतो. ॲल्युमिनियमच्या माथ्याला खळगा पडायला तेवढे पुरे. तोच पिस्टन ६० अंश अलीकडे अडवला तर भार २२० किलोंच्या आसपास उतरतो, कारण तिथे क्रँकच्या फिरण्याचा अधिक भाग पिस्टनच्या हालचालीत जातो. म्हणून जोराच्या कामासाठी थांब्याऐवजी नायलॉनची दोरी अधिक चांगली. पिस्टन वरच्या टोकापासून पंधरा-वीस मिलिमीटर खाली ठेवून प्लगच्या छिद्रातून दोरी आत सोडतात आणि तिचे टोक बाहेर ठेवतात. दोरी माथ्यावर पसरते आणि भार वाटला जातो. पिस्टन याहून खाली असेल तर दोरी पोर्टमध्ये शिरून कापली जाते, ही काळजी टू-स्ट्रोक इंजिनात घ्यावीच लागते. नट ज्या दिशेने फिरणार त्याच दिशेने इंजिन आधी हाताने फिरवून दोरी दाबून घ्यावी आणि मगच जोर लावावा. मध्ये सैलपणा राहिला तर जोराचे रूपांतर घावात होते.

पिस्टन-थांब्याचा खरा उपयोग मापनात आहे. इग्निशन टायमिंग लावताना पिस्टनचे वरचे टोक अचूक सापडले पाहिजे, आणि नुसत्या नजरेने ते सापडत नाही. क्रँक वरच्या टोकाभोवती पाच अंश इकडे-तिकडे फिरला तरी पिस्टन जेमतेम ०.१४ मिलिमीटर हलतो. म्हणून जुनी सीडी घेऊन तिच्यावर अंशांच्या रेघांचा कागद चिकटवतात आणि ती मॅग्नेटच्या मध्यभागी बसवतात. सीडीचा व्यास १२० मिलिमीटर असल्याने कडेवर एक अंश म्हणजे जवळपास एक मिलिमीटर, म्हणजे डोळ्यांना सहज दिसणारे अंतर. तार वाकवून तिचा काटा करतात. थांबा बसवून इंजिन हाताने हळूच एका बाजूला अडेपर्यंत फिरवतात आणि आकडा लिहून घेतात. मग उलट बाजूने तसेच करतात. समजा, एकदा काटा ४६ वर थांबला आणि दुसऱ्यांदा ३२२ वर, म्हणजे शून्याच्या ३८ अंश अलीकडे. या दोन्हींचा मध्य ४ अंशांवर येतो, तेच पिस्टनचे खरे वरचे टोक. काटा तेवढा सरकवला की तबकडी बिनचूक झाली. पाचपन्नास रुपयांच्या सामानातून मिळणारी ही अचूकता महागड्या साधनाच्या तोडीची आहे.

तबकडी नसेल तर टायमिंग पिस्टनच्या प्रवासावरूनही मोजता येते. ५७ मिलिमीटरचा स्ट्रोक आणि १०५ मिलिमीटरचा कनेक्टिंग रॉड असेल, तर वरच्या टोकाच्या २० अंश अलीकडे पिस्टन साधारण २.२ मिलिमीटर खाली असतो. त्या ठिकाणी एका अंशाचा फरक म्हणजे ०.२२ मिलिमीटर. ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट नेमके केव्हा उघडतात हे पाहायला दिवा आणि बॅटरी जोडतात, पण मॅग्नेटोची प्राथमिक कॉइल पॉइंटला समांतर असते आणि तिचा रोध फार कमी असतो. त्यामुळे तिची तार सोडल्याशिवाय पॉइंट उघडले तरी दिवा विझत नाही. जुने मेकॅनिक सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरत. ज्या क्षणी कागद सरकू लागे, त्या क्षणी पॉइंट उघडले. ही पद्धत अजूनही विश्वासार्ह आहे.

क्लचसाठी दोन हत्यारे लागतात. व्हेस्पाच्या क्लचचा खाचांचा नट फिरवायला चार दातांचा सॉकेट हवा. तो जुन्या सॉकेटच्या तोंडाला पातळ चकतीच्या ग्राइंडरने दात पाडून होतो. दातांच्या बाजू सरळ आणि समांतर असाव्यात. त्या उतरत्या राहिल्या तर जोर लावताच दात वर चढून नटाची खाच सोलतात. कापताना सॉकेट वारंवार पाण्यात बुडवावा. तोंडावर निळा रंग आला तर तिथला कडकपणा गेला असे समजावे. दुसरे हत्यार स्प्रिंगा दाबायचे. क्लचच्या मधून जाणारा लांब बोल्ट, दोन्ही बाजूंना जाड चकत्या आणि एक नट एवढेच त्याचे सामान. नट फिरवत गेले की स्प्रिंगा हळूहळू दबतात, रिंग ढिली होते आणि प्लेटा बाहेर येतात. ही कामे पक्कड आणि दोन माणसांच्या जोरावर करणारे आहेत, पण निसटलेली स्प्रिंग दातांवर किंवा डोळ्यावर बसते. ज्याने हे हत्यार एकदा वापरले, तो पुन्हा त्या मार्गाने जात नाही.

बेअरिंग काढण्या-बसवण्याच्या हत्यारांत घरच्या कारागिरीला फार वाव आहे, कारण लागतात त्या फक्त वेगवेगळ्या मापांच्या नळ्या. चेंबरमध्ये बसवताना नळी बाहेरच्या रिंगेवर टेकावी, शाफ्टवर बसवताना आतल्या रिंगेवर. बळ गोळ्यांमधून गेले की गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवे बेअरिंगही घरघरू लागते. ६२०४ क्रमांकाच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ४७ आणि आतला २० मिलिमीटर असतो, म्हणून त्याच्या नळ्या कोणत्याही पाइपच्या दुकानात जुळवून घेता येतात. नळीची तोंडे लेथवर सपाट केलेली असावीत. याहून मोठी मदत उष्णतेची. चेंबर ८० अंशांनी अधिक तापवला तर ४७ मिलिमीटरचे भोक सुमारे ०.०९ मिलिमीटरने मोठे होते. घट्ट बसण्यासाठी ठेवलेला मापातला फरक बहुधा त्याहून कमीच असतो, त्यामुळे गार बेअरिंग जवळपास स्वतःच्या वजनाने आत सरकते. चेंबर नेहमी विजेच्या शेगडीवर किंवा ओव्हनमध्ये तापवावा, पेट्रोलचा अंश राहिलेला असेल तर ज्योत कधीही लावू नये. पाण्याचा थेंब टाकताच चरचरून उडाला की चेंबर पुरेसा तापला.

बोअर बसवताना पिस्टन खाली टेकलेला राहावा म्हणून लाकडाच्या फळीला कनेक्टिंग रॉडच्या जाडीची खाच पाडतात आणि ती फळी चेंबरच्या तोंडावर ठेवतात. पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी गजन पिन ओढायला लांब बोल्ट, नळी आणि चकती पुरते. या दोन्ही हत्यारांबद्दल अधिक सांगण्याजोगे काही नाही, पण ती नसली की पिन ठोकून काढण्याच्या नादात कनेक्टिंग रॉड वाकतो.

टू-स्ट्रोक इंजिनाची हवा-चाचणी हे घरच्या हत्यारांतले सर्वांत कमी वापरले जाणारे आणि सर्वांत मोलाचे साधन. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी चेंबरमध्ये येते आणि मग सिलिंडरमध्ये जाते. क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑईल सील कडक झाली, तर इंजिन तिथून फुकटची हवा ओढते. मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि एखाद्या लांबच्या चढावर बोअरला चिकटतो. कार्ब्युरेटर कितीही खोलून साफ केला तरी हा दोष जात नाही. तो शोधायला रक्तदाब मोजायचे जुने यंत्र घेतात. त्याचा फुगा आणि ३०० मिलिमीटरपर्यंतची तबकडी या कामाला बरोबर पुरते, कारण ३०० मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे ०.४ बार. या चाचणीत तेवढाच दाब हवा असतो. सायलेन्सरचे आणि कार्ब्युरेटरचे तोंड जुन्या ट्यूबचे रबर आणि लोखंडी पट्टी लावून बंद करतात, पिस्टन खाली आणतात आणि हवा भरतात. काही मिनिटे काटा जागेवर राहिला तर इंजिन निर्दोष. उतरू लागला तर साबणाचे पाणी ओतून बुडबुडे शोधावेत. मॅग्नेटच्या बाजूचे सील लगेच दिसते. क्लचच्या बाजूचे गळत असेल तर हवा गिअरच्या तेलात शिरते आणि तेल भरायच्या तोंडाशी बुडबुडे येतात. या चाचणीला कॉम्प्रेसर लावू नये, त्याच्या दाबाने चांगली सीलही जागेवरून उडतात.

१९८४ साली कायनेटिक होंडा आली आणि नंतर ॲक्टिव्हाने गिअर बदलायच्या स्कूटरींची जागा घेतली. पट्टा आणि सरकत्या पुल्यांची ही रचना वेगळी असली तरी घरच्या हत्यारांचे तत्त्व तेच. पुली अडवायला दोन पट्ट्या कातरीसारख्या खिळीने जोडून त्यांच्या टोकांना कडक पिना बसवतात आणि पिना पुलीच्या भोकांत घालतात. पुलीच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवणे म्हणजे पंखा तोडण्याची तयारी. टॅपेटच्या स्क्रूचे चौकोनी डोके फिरवायला लहान नळीच्या तोंडाला चौकोन काढला की काम होते.

काही कामे मात्र घरच्या हत्यारांच्या कक्षेत येत नाहीत. क्रँकची पिन दाबून काढणे, तबकड्या पुन्हा सरळ करणे आणि बोअर मोठे करणे यासाठी प्रेस, डायल गेज आणि लेथ असलेल्या कारखान्यातच जावे. पुण्यात नाना पेठेच्या परिसरात अशी कामे करणारे आहेत. टॉर्क रेंचची गरज मात्र काही प्रमाणात घरी भागते. लांब पाना घेऊन नटाच्या मध्यापासून अर्धा मीटर अंतरावर स्प्रिंगचा वजनकाटा अडकवायचा आणि पान्याशी काटकोनात ओढायचे. काटा १२ किलोंवर आला की नटावर सहा किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे ५९ न्यूटन-मीटर जोर लागला. ओढण्याचा कोन चुकला तर आकडाही चुकतो.

तयार झालेले प्रत्येक हत्यार कोणत्या इंजिनासाठी आहे आणि त्याचे आटे कोणते, हे त्याच्यावरच पंचाने कोरून ठेवावे. व्हेस्पा, लॅम्ब्रेटा आणि नव्या स्कूटरींच्या मॅग्नेटांचे आटे एकमेकांना जुळत नाहीत. जवळपास बसणारा पुलर दोन आटे चढतो, पकडल्यासारखा वाटतो आणि ओढ येताच मॅग्नेटचे आटे सोलून निघतो.